दांडीपेटी : सहा तास झोपेच्या हिशेबाची वही

३ नोव्हेंबर, सोमवार

"मला सहा तास पुरतात" हे मी इतकी वर्षं म्हणत आलोय की आता ते माझ्या स्वभावातच धरलं जातं. ताई नर्स आहे, महिन्यातले आठ-दहा दिवस नाइट ड्यूटी करते. तिचं उत्तर ठरलेलं असतं : "पुरतात हे ठरवतंय कोण? तूच ना?" काल तिने त्यात भर घातली. "मग मोज की."

म्हणून ही वही आणि एक पेटी.

चाचणी तयारच आहे, नवी शोधायची गरज नाही. डेव्हिड डिंजेस आणि जॉन पॉवेल यांनी १९८५ साली मांडलेली 'सायकोमोटर व्हिजिलन्स टेस्ट'. नाव भारदस्त असलं तरी काम अगदी बाळबोध आहे. दिवा लागला की बटण दाबायचं. दोन दिव्यांमध्ये २ ते १० सेकंदांचं अनियमित अंतर, आणि हे सलग दहा मिनिटं. त्यात बुद्धी लागत नाही, स्मरणशक्ती लागत नाही, आणि मुख्य म्हणजे सरावाने हात फारसा सुधारत नाही. म्हणून ती दिवसातून चारदा, महिनाभर घेतली तरी थकवा आणि शिकणं यांची खिचडी होत नाही.

मोबाइलवर अशी अ‍ॅप्स मिळतात, पण त्यांच्यावर भरवसा नाही. ६० हर्ट्झच्या पडद्यावर चित्र दर १६.७ मिलिसेकंदांनी बदलतं. वर स्पर्श ओळखायला लागणारा वेळ, तोही प्रत्येक फोनचा निराळा. जे मोजायचंय ते पन्नासेक मिलिसेकंदांच्या फरकात लपलेलं असताना असली गळकी पट्टी नको. त्यापेक्षा आर्डुइनो (कोड लिहून चालवता येणारा छोटा सर्किट-बोर्ड), एक लाल एलईडी, एक मोठं बटण, नोंदींसाठी एसडी कार्ड आणि तारीख-वेळेसाठी डीएस३२३१चा घड्याळ-मॉड्यूल. एवढ्यात भागावं.

५ नोव्हेंबर, बुधवार

पेटी चालू झाली. पहिल्याच चाचणीत मध्यक (सगळ्या वेळा क्रमाने लावल्यावर मधली येते ती) ३०४ मिलिसेकंद. मी काही एवढा सुस्त नाही! कोड परत वाचला तेव्हा गुन्हेगार सापडला. बटणाचे संपर्क दाबल्यावर क्षणभर थरथरतात, ते शांत व्हावेत म्हणून मी ५० मिलिसेकंद थांबत होतो, आणि वेळ टिपत होतो त्या थांब्यानंतर. आता पहिल्या स्पर्शालाच वेळ टिपतो आणि मग पुढचे ५० मिलिसेकंद कान बंद ठेवतो. मध्यक २५४.

दुसरी चूक जास्त गमतीची. दिव्यांमधलं अंतर ठरवणारे आर्डुइनोचे 'यादृच्छिक' आकडे दर वेळी चालू केल्यावर त्याच क्रमाने येतात. म्हणजे दोन दिवस मी एकाच मालिकेवर बटण दाबत होतो, आणि तिसऱ्या खेपेला पहिला दिवा कधी लागणार हे बोटाला कळायला लागलं होतं. कशालाही न जोडलेल्या पिनवरचा गोंगाट वाचून आता सुरुवातीचा आकडा ठरवतो.

यावरून ग्रीनिचच्या वेधशाळेतली गोष्ट आठवली. १७९६ साली वेधशाळेचे प्रमुख नेव्हिल मॅस्केलिन यांनी डेव्हिड किनेब्रुक या सहायकाला काढून टाकलं, कारण तारा दुर्बिणीतली तार ओलांडतो त्या क्षणाच्या त्याच्या नोंदी मॅस्केलिनच्या नोंदींपेक्षा ०.८ सेकंदाने मागे पडत होत्या. पुढे बेसेल या जर्मन खगोलशास्त्रज्ञाने इतर खगोलशास्त्रज्ञांच्या नोंदी ताडून पाहिल्या, तर जो तो आपापल्या फरकाने पुढे-मागे होता. निष्काळजीपणाचा प्रश्नच नव्हता, मोजणारा माणूस हाही यंत्राचाच एक भाग होता. किनेब्रुकला त्याचा उपयोग झाला नाही, ही गोष्ट वेगळी.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

काय मोजायचं ते आधी ठरवून ठेवतो, नाहीतर निकाल पाहून निकष बदलायचा मोह होईल.

दहा मिनिटांत साधारण नव्वद दिवे लागतात. समजा त्यातले पंच्याऐंशी दाब २५० मिलिसेकंदांत झाले आणि पाच वेळा पूर्ण एक सेकंद लागला. सरासरी येते २९२. कुणालाही वाटेल, गडी जरा मंदावलाय. खरं तर तो मंदावलेला नाहीच. तो पंच्याऐंशी वेळा चोख होता आणि पाच वेळा जागेवरच नव्हता. या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत आणि सरासरी त्या दोन्हींना एकाच पोत्यात भरते.

म्हणून संशोधक ५०० मिलिसेकंदांच्या वरचे दाब वेगळे मोजतात. मी त्यांना 'दांडी' म्हणणार. शाळेला मारतात तशी. १०० मिलिसेकंदांच्या आतला किंवा दिवा नसतानाचा दाब म्हणजे 'उतावळा', कारण डोळ्यातून निघालेला संदेश बोटापर्यंत इतक्या लवकर पोचूच शकत नाही. तिसरा आकडा मध्यक. चौथा पेंग : कॅरोलिन्स्का मापनपट्टीप्रमाणे १ म्हणजे टक्क जागा, ९ म्हणजे झोपेशी झगडा. हा आकडा चाचणीच्या *आधी* वहीत लिहायचा.

मूळ चाचणीत प्रत्येक दाबानंतर वेळ दिसते. मी ती दाखवणं बंद ठेवलंय. कारण पुढे येईल.

१० नोव्हेंबर, सोमवार

पायाभूत आठवडा सुरू. रात्री १० ते सकाळी ६:३० अंथरुणात. चाचण्या सकाळी ८, ११, दुपारी ३, रात्री ८. कॉफी रोज सकाळी ९ वाजता एक कप, महिनाभर तेवढीच. पूर्ण सोडली तर सोडल्याचा त्रास मोजला जाईल, आणि वाढवली तर कॅफीन. ते मेंदूतल्या पेंग आणणाऱ्या रसायनाची, म्हणजे अ‍ॅडेनोसिनची जागा अडवून बसतं आणि पाचेक तासांनीही निम्मं अंगात असतं.

एक चाचणी गंमत म्हणून उठल्यावर दहा मिनिटांत घेतली. भरपूर झोप होऊनही तीन दांड्या. याला 'झोपेचं जडत्व' म्हणतात. मेंदू एकदम जागा होत नाही, खोलीखोलीतले दिवे लागत जावेत तसा होतो. ती चाचणी हिशेबात धरलेली नाही.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

कंटाळा. दहा मिनिटं एका लाल ठिपक्याकडे बघत बसणं म्हणजे शिक्षाच. सातव्या मिनिटाला मन कुठेही जातं. ताईला फोनवर म्हटलं, जरा रंजक करू का? आवाज वगैरे घालू?

"रंजक केलंस तर काय मोजणार? रात्री तीनला मॉनिटर काही गाणी म्हणत नाही."

तिचं बरोबर आहे, कंटाळा हाच इथला कच्चा माल. १९४८ साली नॉर्मन मॅकवर्थ यांनी रडारवाल्यांच्या कामावरून एक घड्याळ बनवलं होतं. काटा टिकटिक पुढे सरकायचा आणि क्वचित एकदम दोन घरं उडी मारायचा. ती उडी पकडायची. पुरेशी झोप झालेल्या माणसांचंही लक्ष अर्ध्या तासात घसरलं. रंजक कामात उसना जोर आणता येतो. तुटलेली झोप उघडी पडते ती अशा रटाळ कामात.

१६ नोव्हेंबर, रविवार

पायाभूत आठवड्याच्या अठ्ठावीस चाचण्या. मध्यक २५१. दांड्या एकूण १९, त्यातल्या ९ एकट्या दुपारी ३च्या चाचण्यांत. रात्री ८च्या सात चाचण्या मिळून फक्त २.

हे मला आधी उलटं वाटलं. रात्री ८ला मी साडेतेरा तास जागा असतो, दुपारी ३ला फक्त साडेआठ. मग दुपार का वाईट?

याचं उत्तर अलेक्झांडर बोर्बेली यांच्या १९८२च्या मांडणीत आहे. झोपेमागे दोन स्वतंत्र प्रक्रिया असतात. पहिली म्हणजे झोपेचा दाब. जागेपणाच्या प्रत्येक तासाबरोबर तो चढत जातो आणि झोपेत उतरतो. अ‍ॅडेनोसिन साचणं हा त्याचाच एक भाग. दुसरी म्हणजे शरीरातलं घड्याळ. तुम्ही किती वेळ जागे आहात याच्याशी त्याला कर्तव्य नाही, ते आपलं चोवीस तासांच्या लाटेवर चालतं. दिवसभर दाब चढतो तसा घड्याळाचा 'जागा राहा' हा धक्काही वाढत जातो, त्यामुळे दोघांची बरोबरी होते आणि आपल्याला काही जाणवत नाही. दुपारी ही बरोबरी थोडी हुकते. जेवण टाळलं तरी ही घसरण दिसते, जेवणावर सगळा दोष टाकणं बरोबर नाही. संध्याकाळी धक्का इतका जोरात असतो की नेहमीच्या झोपेच्या आधीचे दोन-तीन तास झोपायला सगळ्यात अवघड. पेरेट्झ लावी यांनी १९८६ साली त्याला 'निषिद्ध क्षेत्र' असं नाव दिलं. लवकर झोपायचं ठरवून साडेआठला आडवं झाल्यावर छताकडे बघत राहण्याचा अनुभव कुणाला नाही?

मग रात्री घड्याळ हात काढून घेतं, आणि दिवसभर साचलेला दाब एकदम अंगावर येतो. निजेला धोंडा म्हणतात ती ही वेळ.

१७ नोव्हेंबर, सोमवार

आजपासून चौदा दिवस सहा तास. रात्री १२:३० ते सकाळी ६:३०. उठायची वेळ बदललेली नाही, नाहीतर घड्याळच सरकेल आणि कशाचा परिणाम काय ते कळणार नाही. कार्ड १ डिसेंबरपर्यंत उघडायचं नाही. आकडे दिसत नाहीत ते यासाठीच : आपण कसे आहोत हे पेटीला विचारायचं नाही, स्वतःला विचारायचं आणि वहीत लिहायचं.

ताईची अट : हे दोन आठवडे गाडी चालवायची नाही. जरा जास्तच होतंय, पण मान्य.

२० नोव्हेंबर, गुरुवार

पेंग ५. दुपारी जड गेलं, डोळे चुरचुरतात.

२३ नोव्हेंबर, रविवार

पेंग ४. सवय होतेय. पहिल्या तीन-चार दिवसांचा तो जडपणा गेला. रात्री दहा ते साडेबारा हे अडीच तास हातात आले की किती कामं होतात! मागच्या महिन्यापासून पडलेलं सगळं उरकतोय.

२३ नोव्हेंबर, सोमवार

पेंग ४. चारही चाचण्या झाल्या.

२६ नोव्हेंबर, बुधवार

पेंग ४. ११ची झाली, ठीक. बाकीच्याही. ताईला निकाल दाखवायला मजा येणार आहे. गाडीची अट खरंच उगाच होती.

२९ नोव्हेंबर, शनिवार

पेंग ४. सहा तास पुरतात. आधीच लिहून ठेवतो.

१ डिसेंबर, सोमवार

कार्ड उघडलं.

पहिल्या तीन दिवसांच्या बारा चाचण्यांत १७ दांड्या. शेवटच्या तीन दिवसांच्या बारा चाचण्यांत ७१. मध्यक २५१वरून २७४, म्हणजे फक्त तेवीस मिलिसेकंद. चांगले दाब जवळजवळ पूर्वीइतकेच चांगले आहेत. वाढल्या त्या दांड्या. आणि त्या सरळ चढत गेल्यात, कुठेही सपाट झालेल्या नाहीत.

सपाट झाली ती पेंग. पाचव्या-सहाव्या दिवशी ४वर आली आणि तिथेच बसून राहिली. 'सवय होतेय' असं मी लिहिलं ते खोटं नव्हतं. सवय झालीच होती, झोप कमी असल्याच्या जाणिवेची. झोप कमी असण्याची नव्हे.

त्याहून वाईट म्हणजे ही वही. २४ तारखेच्या नोंदीवर २३ लिहिलंय, वार मात्र बरोबर आहे. (खोडलेलं नाही, तसंच ठेवतो.) आणि २६ तारखेची ११ची चाचणी. वहीत 'झाली, ठीक'. कार्डवर त्या वेळेची फाइलच नाही. कार्डाचा दोष म्हणावा, तर ८ची आणि ३ची फाइल लागोपाठच्या क्रमांकांची आहे. म्हणजे पेटी सुरूच झालेली नाही. मी ती चाचणी दिलीच नाही, आणि दिली असं लिहिलं, आणि त्याच नोंदीत ताईला चिडवायचे बेत केले.

त्या दिवशी ११ वाजता मी कुठे होतो ते आठवत नाही.

२ डिसेंबर, मंगळवार

हे सगळं फार आधी चांगल्या रीतीने झालेलं आहे. हान्स व्हॅन डोंगेन, डिंजेस आणि सहकाऱ्यांचा २००३चा प्रयोग : ४८ निरोगी माणसं, प्रयोगशाळेतच मुक्काम, चौदा दिवस रोज ४, ६ किंवा ८ तास अंथरुणात. एक छोटा गट सलग तीन रात्री पूर्ण जागा. सहा तासवाल्यांच्या दांड्या दोन आठवड्यांत तिथवर गेल्या, जिथे माणूस एक-दोन रात्री अजिबात न झोपता जातो. आणि त्यांना विचारलं तर पेंग मात्र किंचितच. माझा आलेख त्यांच्या आलेखाची खराब झेरॉक्स वाटते.

खराब का, तेही लिहायला हवं. मी एकटाच. मला काय दिसणार ते थोडंफार ठाऊक होतं. घरी खिडकीतला उजेड, आवाज, कामाचा ताण यांवर ताबा नाही. आणि मी माझीच बाजू हरायला बसलो होतो की जिंकायला, हे मलाही सांगता येणार नाही. या आकड्यांवरून दुसऱ्या कुणाबद्दल काही सिद्ध होत नाही. माझ्यापुरतं ते वाक्य मात्र गेलं.

५ डिसेंबर, शुक्रवार

रविवारपासून परत साडेआठ तास. पहिल्या रात्रीनंतर चाचणीमागे ३ दांड्या, तिसऱ्यानंतर दीडच्या आसपास, आज पायाभूत आठवड्याच्या आकड्याजवळ. एका रविवारी उशिरापर्यंत लोळून थकबाकी फिटत नाही. ग्रेगरी बेलेंकी यांच्या २००३च्याच प्रयोगात लोक सात दिवस ३, ५, ७ किंवा ९ तास झोपले. नंतर तीन रात्री आठ-आठ तास मिळूनही ५ आणि ७ तासवाले मूळ पातळीवर आले नाहीत. सात तासवालेसुद्धा!

उद्या रात्र जागायची. अमेरिकेत आयोवा विद्यापीठात पॅट्रिक आणि गिल्बर्ट यांनी १८९६ साली तिघांना ९० तास जागं ठेवलं होतं आणि तेव्हाही प्रतिसादाची वेळ मोजली होती. मी तीसवर थांबणार. ताई सोबत बसणार आहे, तिला सुट्टी आहे आणि रात्र जागणं तिला नवं नाही.

६-७ डिसेंबर, शनिवार रात्र

*२२:००.* पेंग ३. साडेपंधरा तास जागा. काही विशेष नाही.

*००:००.* पेंग ४. ताई वाचतेय. मी उगाच बोलतोय.

*०२:००.* पेंग ६. थंडी वाजतेय, खिडक्या बंद असून. शरीराचं तापमान या वेळी उतरतच असतं.

*०४:००.* पेंग ७. दिवा कडेने अंधुक दिसतो. दोन-तीन वेळा उशीर झाला ते कळलं. ताई म्हणते दोन-तीन नाही, पुष्कळ.

*०६:००.* पेंग ८. पाचव्या-सहाव्या मिनिटाला ताईचा आवाज आला, "लागलाय." मी बघितलं तर दिवा चालू होता. दाबलं.

"झोपला होतास?"

"नाही गं, बघत होतो."

"डोळे उघडे होते, ते मीही बघितलं. दिवा चार सेकंद तुझ्यासमोर जळत होता."

मला तो आत्ता लागला असंच वाटत होतं. अजूनही वाटतंय. *(०६:२५)*

*०८:००.* पेंग ७. उजेड आला.

*१०:००.* पेंग ५. चमत्कारिक. बरं वाटतंय. आवरून बाहेर जावंसं वाटतंय. ताईने नाही म्हटलं.

*१२:००.* पेंग ६. ताई गेली. झोपतो.

९ डिसेंबर, मंगळवार

त्या रात्रीच्या दांड्या क्रमाने : १, २, ६, १३, १७, १२, ८, ९. सगळ्यात लांब दाब ०६:०६चा, ४.१ सेकंद. ताशी ६० किलोमीटरने जाणारी गाडी तेवढ्यात ६८ मीटर पुढे जाते, आणि तिच्या चालकाचे डोळे उघडे असतात.

सकाळी १०चा आकडा मी बराच वेळ बघत बसलो. सहा वाजता साडेतेवीस तास जागा, दहा वाजता साडेसत्तावीस. चार तास *जास्त* जागरण, आणि दांड्या निम्म्याहून कमी. झोप किंवा कॉफी यातलं काहीच मधे आलेलं नाही. नुसती झोपेची थकबाकीच असती तर आकडा चढायलाच हवा होता. सहाला शरीराचं घड्याळ तळाशी होतं आणि झोपेचा दाब वर. दहाला दाब आणखी वर गेला, पण तोवर घड्याळाने उचलून धरायला सुरुवात केली होती. रात्र जागलेल्या माणसाला सकाळी 'आता ठीक आहे' असं वाटतं आणि तो किल्ली उचलतो, ती हीच वेळ. तो सहाच्या तुलनेत ठीक असतो. झोप झालेल्या माणसाच्या तुलनेत तो कुठे असतो ते आठ या आकड्यात आहे, पायाभूत आठवड्यात अख्ख्या दिवसाच्या चार चाचण्या मिळून तीनही नव्हत्या.

ड्रू डॉसन आणि कॅथरिन रीड यांनी १९९७ साली जागरणाची दारूशी तुलना केली होती. हात-डोळ्याच्या समन्वयाच्या कामात १७ तासांचं जागरण हे रक्तातल्या ०.०५ टक्के मद्याइतकं, आणि २४ तासांचं ०.१० टक्क्यांइतकं. प्यायलेल्याचा निदान वास येतो.

उघड्या डोळ्यांच्या त्या चार सेकंदांचं काय? मला वाटायचं की मेंदू एकतर जागा असतो नाहीतर झोपलेला. व्लादिस्लाव व्याझोव्हस्की आणि सहकाऱ्यांनी २०११ साली जागं ठेवलेल्या उंदरांच्या मेंदूत पेशी-पेशीचं काम टिपलं. प्राणी हिंडताफिरता, डोळे उघडे, मेंदूच्या लहरी जागेपणाच्या, पण कॉर्टेक्समधले (मेंदूच्या बाहेरच्या थरातले) काही पेशीसमूह अधूनमधून गाढ झोपेतल्यासारखे गप्प होत होते. जागरण वाढलं तसं हे वाढलं, आणि त्या कामाच्या नेमक्या जागेवरच्या पेशी गप्प झाल्या की दाणा उचलायचा प्रयत्न फसायचा. झोप घराला एकदम कुलूप लावत नाही, आधी एकेक खोली बंद करते. मी 'दांडी' हा शब्द गमतीत ठेवला होता, पण तो बराच बरोबर निघाला. शाळा भरलेली असते, वर्गातली काही मुलं तेवढी नसतात.

आणि हजेरी घेणाराच वर्गात नसेल तर गैरहजेरी लिहिणार कोण? मिशेल सिफ्र हा फ्रेंच भूवैज्ञानिक १९६२ साली दोन महिने गुहेत घड्याळाशिवाय राहिला. १४ सप्टेंबरला वर आला तेव्हा त्याच्या वहीत २० ऑगस्ट होता. पण त्याचं झोपण्या-उठण्याचं चक्र तेवढा काळ साडेचोवीस तासांच्या आसपास चालूच होतं. शरीराला वेळ कळत होती, वही लिहिणाऱ्याला नाही. मला २६ तारखेची ११ची चाचणी आठवली.

१२ डिसेंबर, शुक्रवार

ताई पेटी दोन रात्री ड्यूटीवर घेऊन गेली होती. ड्यूटीच्या आधी, पहाटे ४च्या विश्रांतीत आणि सकाळी सुटल्यावर. दांड्या पहिल्या रात्री ०, ७, ६; दुसऱ्या रात्री १, ९, ५. दोन्ही दिवशी दुपारी दीड तास झोपून गेली होती, तरीही चारची खाच आहेच.

तिला वाटायचं की इतक्या वर्षांत रात्रीची सवय झाली असेल. मेंदूतलं मुख्य घड्याळ म्हणजे डोळ्यांकडून येणाऱ्या चेता जिथे एकमेकींना छेदतात, त्याच्या जरा वर बसलेल्या वीसेक हजार पेशी. त्यांची स्वतःची फेरी सरासरी २४ तास ११ मिनिटांची (चार्ल्स चाइस्लर, १९९९), आणि रोजची ती अकरा मिनिटं उजेड दुरुस्त करतो. डोळ्यात त्यासाठी वेगळ्या पेशी आहेत, निळसर उजेडाला सगळ्यात जास्त संवेदनशील. ताई सकाळी घरी येते ती लख्ख उन्हातून, आणि सुट्टीच्या दिवशी सगळ्यांसारखी दिवसा जागी असते. रात्रपाळीने घड्याळाला मागे ढकलायचं आणि सकाळच्या उन्हाने परत जागेवर आणायचं, असं चालू राहतं.

"मला थिअरी माहीत नव्हती," ती म्हणाली, "पण तीन ते पाचमध्ये मी काढलेला डोस दुसऱ्या सिस्टरला मोजायला लावतेच. आणि बसत नाही. बसलं की संपलं."

ती एका गोष्टीवर मात्र चिडली. पेटीने तिच्या नावावर एका चाचणीत ११ उतावळे दाब लावलेत, तेही ड्यूटीच्या आधी, ताजी असताना. "मी काही उतावळी नाही. तुझी पेटी तपास."

१४ डिसेंबर, रविवार

ताईचं खरं निघालं.

झोप कमी पडली की उतावळे दाब वाढतात हे माहीत असल्यामुळे माझ्याही फाइलींमध्ये ते वाढलेले बघून मी मान डोलावली होती. सुदैवाने पेटी प्रत्येक दाबाची वेळ टिपते. आज ते सगळे वेगळे काढले. बहुतेक सगळे आधीच्या खऱ्या दाबानंतर २०० मिलिसेकंदांच्या आत पडलेत. इतक्या लगेच कुणी दुसऱ्यांदा दाबत नाही. ते बोट *उचलतानाचे* आहेत. दाबल्यानंतर मी ५० मिलिसेकंद कान बंद ठेवतो, पण बोट उचललं जातं त्याच्याही नंतर, आणि आठेक हजार दाब खाऊन झिजलेलं बटण सुटतानाही थरथरायला लागलंय. भुताचे दाब. ताईच्या अकरापैकी अकरा भुताचेच. माझ्या एकूण ४४पैकी ३१. उरलेले १३ माझे, आणि त्यातले नऊ जागरणाच्या रात्रीचे.

दांड्यांना यामुळे धक्का लागत नाही. दिवा लागल्यावरचा पहिला स्पर्शच त्यात धरलाय आणि भुतं दिवा विझल्यानंतरची आहेत. तरी खात्री म्हणून आजपर्यंतच्या सगळ्या फाइली भुतं गाळून परत चालवल्या. दांड्यांचा एकही आकडा बदलला नाही. उतावळ्यांचा आलेख फाडला.

कोड सुधारला : आता बटण सुटल्यानंतरही ५० मिलिसेकंद कान बंद. नवं बटण काढून ठेवलंय, त्याचे चार जोड सोल्डर करायचे. ताईची पुढची ड्यूटी बुधवारी, त्याआधी पेटी तिच्याकडे पोचवायची आहे. तीन जोड झाले. ९:५० झालेत, चौथा उद्या.